लस गावापर्यंत कशी पोहोचते?

एखाद्या गावातील मुलांना लस टोचलेली नसली, की सुशिक्षित मनुष्य तत्काळ निदान करून मोकळा होतो : लोक अडाणी आहेत, सुईला भितात! या निदानात सत्याचा अंश असेलही. परंतु तेवढ्यालाच पूर्ण सत्य मानले, तर उपाय चुकतो. भीती समजावणीने दूर होईल. अंतर समजावणीने कमी होत नाही.

दादरा-नगर हवेलीचेच उदाहरण घ्यावे. हा प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. सिल्वासात विनोबा भावे रुग्णालय आहे. २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नकाशावर कोणतेच गाव दूर दिसत नाही. परंतु खानवेल ओलांडून मांदोणी-सिंदोणीकडे, किंवा मधुबन जलाशयाच्या काठी दुधनीकडे वळले, की डोंगराळ मुलूख लागतो. वारली, कोकणा इत्यादी आदिवासींचे पाडे तेथे टेकड्यांवर विखुरलेले आहेत. अशा ठिकाणी अंतर मोजायचे ते किलोमीटरांत नव्हे, तर बुडालेल्या मजुरीत.

कारण लसीकरण हे एका दिवसाचे काम नव्हे. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे बाळाला जन्मतःच क्षयाची लस द्यायची. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, कावीळ इत्यादींवरील लशी द्यायच्या. नऊ महिने पुरे होताच गोवराची. म्हणजे जन्म घरी झाला, तर पहिल्या वर्षातच पाच खेपा! रोजंदारीवर जगणाऱ्या आईला प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची कमाई. त्यातून केंद्राला कुलूप दिसले, किंवा लस संपल्याचे कळले, तर पुढच्या खेपेस तिचे पाऊल अडखळते. ज्याला अडाणीपणा म्हटले जाते, ते पुष्कळदा अनुभवाने आलेले शहाणपण असते.

लसही नाजूक असते. तिला २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात सांभाळावे लागते. गोवराची लस एकदा कालवली, की चार तासांच्या आत वापरावी लागते. म्हणूनच परिचारिकेने बर्फाची पेटी घेऊन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पाड्यावर पोहोचणे याला फार महत्त्व आहे.

जवळीक म्हणजेच सोय, असेही नाही. सिल्वासाच्या कारखान्यांत परप्रांतांतून कामगार येतात. खोलीपासून रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले, तरी दवाखान्याची वेळ आणि कामाची पाळी एकच असेल, आणि बाळाचे लसीचे कार्ड मूळ गावी राहिले असेल, तर ते रुग्णालयही दूरच म्हणायचे.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनी १३४ गावांत या प्रश्नाची रीतसर परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जेथे नेहमीचीच व्यवस्था होती, तेथे एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी ६ टक्क्यांचेच लसीकरण पूर्ण झालेले आढळले. जेथे दरमहा न चुकता शिबिर भरले, तेथे १८ टक्के. आणि जेथे शिबिरात प्रत्येक खेपेस किलोभर डाळ व अखेरीस ताटांचा संच मिळाला, तेथे ३९ टक्के. लसीला मनापासून विरोध असता, तर तो किलोभर डाळीने मावळला नसता. अडसर होता तो बुडणाऱ्या दिवसाचा आणि उद्यावर ढकलण्याच्या मनुष्यस्वभावाचा. अर्थात तेथेही निम्म्याहून अधिक मुले राहिलीच. म्हणजे सेवा दारी नेणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. विश्वासू आशाताईने घरोघर आठवण देणे, शंकांना त्यांच्याच बोलीत उत्तर देणे, हे त्यानंतरचे काम.

हा प्रश्न केवळ पाड्यापुरता नाही. गोवराची साथ रोखण्यास शंभरांतील सुमारे ९५ मुले लसीने सुरक्षित असावी लागतात. सुटलेल्या पाड्यावर साथ शिरली, तर कुपोषित बालकांचा जीव आधी धोक्यात येतो. मग बाजाराच्या वाटेने ती शहरातही उतरते. यास्तव ‘लोक का येत नाहीत?’ असे विचारण्यापूर्वी ‘सेवा त्यांच्यापर्यंत ठरल्या दिवशी पोहोचते काय?’ असे विचारणे अधिक न्यायाचे, आणि अधिक उपयोगाचेही ठरेल.