५० लाख डॉलरचं तिकीट, चहाच्या भावात

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत माळ्यावरच्या पेटीतून तिकिटांची जुनी वही निघावी, तिच्यात एखादं चिनी तिकीट असावं आणि घरातल्या पोराने लगेच मोबाईलवर भाव बघावा. कुठलं तरी चिनी तिकीट लिलावात कोटींना गेल्याची बातमी हमखास सापडते. मग काय, शेतात बोअर मारायचा की ट्रॅक्टर घ्यायचा, यावर घरात चर्चा सुरू! थांबा राजेहो. आधी तिकीट नीट बघू.

कोट घातलेला मिशीवाला माणूस आणि डोक्यावर किरणांचा सूर्य असेल, तर ते चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन. १९३१ पासून पुढची जवळजवळ अठरा वर्षं हा चेहरा चिनी तिकिटांवर इतका छापला गेला, की जगातल्या जुन्या वह्यांमध्ये ‘चीन’च्या पानावर बहुतेक तोच असतो. याच चेहऱ्याचं १९४८ साली ५० लाख डॉलरचं तिकीट निघालं. डॉलर अर्थात चिनी. महागाईने त्याची इतकी माती केली होती, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३० लाख जुन्यांना १ नवा ‘गोल्ड युआन’ असा हिशेब ठरला. म्हणजे ५० लाखांचे दोनही नवे युआन होत नव्हते. वर्षभरात नव्या चलनाचीही तीच गत झाली आणि शिल्लक तिकिटांवर नवे आकडे ठोकून ती वापरली गेली. त्या काळातली बरीच तिकिटं आज चहा-बिस्किटाच्या पैशांत मिळतात. तिकिटावरचा आकडा वाचून भाव सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

दुसरी गंमत मागच्या बाजूला. समोर कोपऱ्यात नेटका पाव शिक्का, उलटं केलं तर डिंक जसाच्या तसा! हे तिकीट कधी पत्रावर चिकटलंच नाही. संग्राहकांना स्वस्तात विकता यावं म्हणून पोस्टानेच शिक्का मारलेला. परदेशी तिकिटांच्या पाकिटांतून पोरासोरांच्या हाती आलेला चिनी माल बराचसा असाच. उलट १९५० च्या आसपासच्या कितीतरी चिनी तिकिटांना मुळातच डिंक नव्हता, तेव्हा ‘डिंक गेला, किंमत गेली’ हा नियम तिथे लावू नका.

आणि कॅटलॉगमधला भाव? तो दुकानदाराच्या विक्रीचा, तुमच्या नव्हे. त्यातला सगळ्यात खालचा भाव तर तिकिटाचा नसतोच. ते शोधून, पाकिटात घालून देण्याची ती मजुरी असते.

१९७४ ते १९९१ या काळातल्या बहुतेक चिनी तिकिटांची ओळख मात्र फार सोपी. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात: ‘जे’ (J) म्हणजे स्मारक तिकीट, ‘टी’ (T) म्हणजे विशेष. पुढे मालिकेचा क्रमांक, कंसात संचातली किती आणि त्यातलं हे कितवं, उजवीकडे साल. टी ४६ (१-१), १९८० दिसलं आणि वर लाल पार्श्वभूमीवर काळं माकड असलं, तर खुशाल उड्या मारा. आठ फेनचं (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग) ते माकड चांगल्या अवस्थेत आज लाखाच्या घरात जातं. नकली माकडंही मात्र भरपूर फिरतात.

पण मला विचाराल तर कोपऱ्यात जे ८३ शोधा. साल १९८२, संचात दोनच तिकिटं. आठ फेनच्या तिकिटावर आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि ७० फेनच्या तिकिटावर तेच, घोड्यावर बसलेले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात कोटणीस होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातही फार कुणाला आठवत नाही. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चीनने चाळिसाव्या स्मृतिदिनी त्यांचं तिकीट काढलं. आपल्या पोस्टाला १९९३ उजाडावं लागलं, तेव्हा एक रुपयाचं निघालं. ही चिनी जोडी दुर्मीळ नाही, महागही नाही. माकडाच्या किमतीत पोतंभर येतील. तरी मराठी माणसाच्या वहीत आधी ही हवी, हा माझा सरळ पक्षपात.

चिनी तिकीट लिफाफ्यावरच असेल तर ते कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू तर मुळीच नका. लिफाफ्याच्या मागे फुलसावंगी पोस्टाचा शिक्का वाचता येत असेल, तर टपाल-इतिहास जमवणारा त्या चिनी तिकिटाला नाही, तुमच्या गावाच्या शिक्क्याला पैसे मोजेल.