सेलमधली काळी पूड

माझ्या मामाचं गाव सिद्धेश्वर. हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाजवळ. रात्रीची लाईट असली की मामा टॉर्च घेऊन शेताला पाणी द्यायला जायचा. संपलेले सेल मग आम्हा पोरांचे! दगडाने फोडायचे, मधली कांडी काढायची आणि काळी पूड पाल्याच्या रसात कालवून शाळेचा फळा रंगवायचा. हात दोन-दोन दिवस काळे राहायचे. ती पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन, हे इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

मित्रांनो, हे मँगनीज आपल्या काळ्या पाषाणात सापडत नाही. महाराष्ट्रात त्याच्या खाणी नागपूर-भंडारा पट्ट्यात आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून सेलला लागणारं मँगनीज निघतं. माझे हात दोन दिवस काळे राहायचे, मग जे लोक वर्षानुवर्षं खाणीत काम करतात त्यांच्या शरीरात काय होत असेल?

मँगनीजची धूळ बरीच वर्षं श्वासातून गेली तर मेंदूला इजा होते. स्कॉटलंडच्या जेम्स कूपर यांनी १८३७ मध्येच मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतलं बळ गेल्याचं नोंदवलं होतं. मँगनीजमुळे डीएनए बिघडतो का, याबद्दलचे पुरावे मात्र एकसारखे नाहीत. पण खाणीतली धूळ कधीच एका धातूची नसते. तिच्यात सिलिका असते, डिझेलचा धूर असतो, आणि हे दोन्ही कॅन्सरकारक ठरले आहेत.

काही धातूंबद्दल मात्र शंका नाही. उदाहरणार्थ क्रोमियम. त्याचं खनिज भंडारा आणि सिंधुदुर्गातही आहे. खनिजातलं क्रोमियम सहसा पेशीत शिरत नाही. पण त्याचं 'हेक्झाव्हॅलंट' रूप सल्फेटसारखं दिसतं, त्यामुळे पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते. आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि ते डीएनएला चिकटतं. आर्सेनिक आणि कॅडमियमची तऱ्हा वेगळी. ते डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच बिघडवतात. म्हणजे गळती सुरू आणि प्लंबर सुट्टीवर!

हे नुकसान मोजता येतं. 'कॉमेट' चाचणीत रक्तातल्या पेशी जेलमध्ये ठेवून वीजप्रवाह सोडतात. तुटलेला डीएनए धन टोकाकडे सरकतो आणि पेशी शेपटीवाल्या धूमकेतूसारखी दिसते. ही पद्धत १९८४ ची, आणि नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ती सुधारली. दुसरी चाचणी आणखी सोपी. गालाच्या आतून थोड्या पेशी खरवडायच्या आणि मुख्य केंद्रकाशेजारी छोटी केंद्रकं दिसतात का ते मोजायचं. सुई नाही, रक्त नाही. पण तंबाखूमुळेही ती वाढतात. म्हणून खाणीत न जाणाऱ्या, त्याच वयाच्या आणि तशाच सवयींच्या लोकांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. 'जनुकीय नुकसान' म्हटलं की लोकांना वाटतं, रक्तातच खोट आली, आता पुढच्या पिढीतही उतरणार. उद्या अशा गावाशी कोणी सोयरीकही टाळेल! पण रक्तातल्या किंवा गालातल्या पेशींचा बिघाड मुलांकडे जात नाही. बीजपेशींचा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर या चाचण्या देत नाहीत. अमक्याला कॅन्सर होईल, असंही त्या सांगत नाहीत. एका गटात नुकसान जास्त दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच, की धूळ शरीरात पोचते आहे आणि आजार दिसण्याआधी ती थांबवायची वेळ आहे.

आणि थांबवणं हे तर आपलंच काम! ओलं ड्रिलिंग, रस्त्यांवर पाणी, हवा खेळवणं, नीट बसणारा मास्क, आणि कामाचे कपडे खाणीवरच बदलणं, म्हणजे धूळ घरी पोरांपर्यंत जात नाही. यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. खोट माणसाच्या रक्तात शोधण्याआधी ती हवेत शोधायला हवी.

मामाच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, सेल फोडायचे नाहीत. पण खाणीतल्या माणसाला नुसतं 'हात लावू नको' सांगून भागणार नाही. त्याचं तर पोटच त्याच्यावर आहे.