आकड्याआधी गळती बघा: गाउटच्या दोन गोळ्यांची गोष्ट

गाउटमध्ये रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं, त्याचे स्फटिक सांध्यात साचतात आणि बऱ्याचदा पायाचा अंगठा ठणकायला लागतो. अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट ही दोन्ही औषधं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम अडवतात. मग द्यायचं कुठलं?

२०१८ मध्ये ‘केअर्स’ चाचणी प्रसिद्ध झाली. गाउटसोबत हृदयविकारही असलेले ६,१९० रुग्ण. मुख्य निकषावर दोन्ही औषधं जवळपास सारखीच. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले मृत्यू फेबुक्सोस्टॅटच्या गटात ४.३ टक्के, तर अ‍ॅलोप्युरिनॉलच्या गटात ३.२ टक्के. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फेबुक्सोस्टॅटवर ‘बॉक्स्ड वॉर्निंग’ लावली.

आता तोच पेपर पुढे वाचा. निम्म्याहून जास्त रुग्णांनी औषध मध्येच सोडलं होतं आणि ४५ टक्के जणांचा पाठपुरावा अर्धवट राहिला. त्यांचं पुढे काय झालं हे माहीत नसताना फरक औषधामुळेच पडला, असं छातीठोकपणे कसं म्हणणार?

२०२० मध्ये युरोपातली ‘फास्ट’ चाचणी आली. ६,१२८ रुग्ण, पाठपुराव्यातून बाहेर पडलेले सुमारे ६ टक्केच. इथे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण थांबा! इथे आधीपासून हृदयविकार असलेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे ‘फास्ट’मुळे ‘केअर्स’ खोटी ठरली, असंही नाही.

त्यामुळे पेपर हातात आला की पी-व्हॅल्यूकडे धावू नका. आधी तीन गोष्टी बघा: रुग्ण कोण होते, किती आले आणि शेवटपर्यंत किती टिकले.