बोलकी कार्डे आणि मुलांचे उच्चार

घोकंपट्टीस अलीकडे फारसा मान उरलेला नाही. तरीही नवी भाषा शिकणाऱ्याची तिच्यावाचून सुटका नाही, कारण शब्दांचा साठा असल्याखेरीज वाक्य तोंडातून निघत नाही. प्रश्न एवढाच की घोकावे कसे.

हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन विद्वानाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले बरेचसे प्रथम झपाट्याने विसरले जाते व पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांस आढळले. म्हणून एकाच दिवशी शंभर वेळा घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा आठवून पाहणे अधिक फलदायी ठरते. 1972 साली सेबास्टियन लाइटनर ह्यांनी ह्याच तत्त्वावर कार्डांच्या पेटीची रीत मांडली: आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले परत पहिल्या कप्प्यात. 2006 साली डेमियन एल्म्स ह्यांनी ‘अंकी’ नावाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. अंकी ह्या जपानी शब्दाचा अर्थच मुळी पाठांतर असा आहे. कोणते कार्ड केव्हा पुढे आणावयाचे, हा हिशेब ती स्वतः ठेवते. संगणकावर व अँड्रॉइड फोनवर ती विनामूल्य मिळते. आयफोनवर मात्र विकत घ्यावी लागते.

ह्या प्रणालीचा आणखी एक गुण असा की कार्डावरील मजकूर ती वाचून दाखवू शकते. ज्या घरात शिकावयाची भाषा कोणी बोलत नाही, त्या घरातील मुलास ही मोठीच सोय आहे. परंतु तिच्याबरोबर एक धोकाही येतो व पालकांनी तो समजून घेतला पाहिजे. यंत्रास अर्थ कळत नाही. अमुक मजकूर अमुक भाषेचा, असे आपण सांगावे व त्याने त्या भाषेच्या आवाजात वाचावे, एवढाच त्याचा व्यवहार आहे.

लिपी एक म्हणून भाषा एक, असे नव्हे. देवनागरीत मराठी लिहितात, हिंदी लिहितात, कोंकणी व नेपाळीही लिहितात. मराठी मजकुरास हिंदी आवाज लावला तर काय होते पाहा. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च आपण निरनिराळे उच्चारतो; ‘जन’ आणि ‘जर’ ह्यांतील ज चेही तसेच. हिंदी आवाज हा भेद पाळत नाही. ‘ज्ञान’ शब्दाचे तो ‘ग्यान’ करतो. मोठ्या माणसास ही चूक तत्काळ कळते. शिकणाऱ्या बालकास ती चूक आहे हेच ठाऊक नसते.

बेळगाव-खानापूरकडील आपल्या कुटुंबांस ह्याहून जवळचे उदाहरण कन्नडचे आहे. घरी मराठी बोलणारे मूल शाळेत कन्नड शिकते आणि सोयीसाठी कन्नड शब्द देवनागरीत उतरवून घेते. आता कन्नडमध्ये एकार व ओकार हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत. मराठीच्या नेहमीच्या लेखनात हा भेद दाखविला जात नाही. ‘दे’ ह्या अर्थाच्या शब्दात ऱ्हस्व ओकार आहे, तर ‘शिंग’ ह्या अर्थाच्या शब्दात दीर्घ. आपल्या देवनागरीत मात्र दोन्ही ‘कोडु’ असेच दिसतात. तसे लिहिलेले कार्ड मराठी आवाजाने वाचले की दोन शब्दांचा एक शब्द होतो. म्हणून पहिला नियम असा की कन्नड शब्द कन्नड लिपीतच लिहावा व त्यास कन्नड आवाजच द्यावा.

दुसरा नियम असा की एका रकान्यात दोन भाषा मिसळू नयेत. कन्नड शब्दाचा रकाना निराळा, मराठी अर्थाचा निराळा. दोन्ही एकत्र लिहिले तर यंत्र सर्व मजकूर एकाच आवाजात वाचून टाकते.

आता प्रत्यक्ष मांडणी. हे काम संगणकावर करून मग फोनवर उतरवून घेणे सोयीचे असते. अंकीतील ‘ब्राउझ’ उघडून कार्ड निवडावे आणि ‘कार्ड्स’ हे बटण दाबावे. तेथे पुढच्या व मागच्या बाजूचा साचा दिसतो. साच्यात दोन-दोन महिरपी कंसांच्या आत प्रथम टी-टी-एस ही अक्षरे, एक जागा सोडून भाषेचा संकेत, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह व शेवटी रकान्याचे नाव लिहावे. कन्नडचा संकेत के-एन, मराठीचा एम-आर. त्यास जोडून खालची आडवी रेघ व भारतासाठी आय-एन. ही अक्षरे रोमन लिपीत लिहावीत. देशाच्या संकेताची तेवढी मोठी, बाकीची लहान. रकान्याचे नाव मुळात जसे दिले असेल तसेच, अक्षर न बदलता लिहावे. उत्तराचा आवाज मागच्याच बाजूस ठेवावा, नाहीतर आठवण्यापूर्वीच उत्तर कानी पडेल.

आवाज हे अंकीचे स्वतःचे नसून संगणकाचे वा फोनचे असतात. तेव्हा यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ ह्या सदरात हवी ती भाषा आहे की नाही ते पाहावे व नसल्यास उतरवून घ्यावी. गूगलच्या वाचन-सेवेत अँड्रॉइडवर मराठी व कन्नड दोन्ही आवाज मिळतात. अंकीचे मेनू कोणत्या भाषेत दिसावेत, ही निवड निराळी आहे. ती बदलल्याने वाचनाचा आवाज बदलत नाही. मुलास वाचन भरभर वाटत असेल तर त्याच साच्यात वेग कमी करण्याची सोय आहे.

ज्या भाषेचा आवाज यंत्रात मिळतच नाही, तिचे काय? तेथे जवळ कोणताही आवाज आहे म्हणून तो लावू नये. अंकीत कार्ड तयार करताना ध्वनिमुद्रणाचे बटण असते. ती भाषा जन्मतः बोलणाऱ्या शेजारणीस किंवा शिक्षकांस बोलावून वीस-पंचवीस शब्द त्यांच्या तोंडून मुद्रित करून घ्यावेत. अर्ध्या तासात हे काम होते, आणि तो आवाज यंत्राच्या आवाजापेक्षा बहुधा अधिक खरा असतो.

कार्डे तयार झाली की मुलाच्या हाती देण्यापूर्वी ती भाषा जाणणाऱ्या कोणास तरी दहा कार्डे ऐकवावीत. एवढी तसदी घेणे का अगत्याचे? ही रीत विसरू देत नाही, हेच तिचे सामर्थ्य. योग्य उच्चार ती जितका पक्का करते, तितकाच चुकीचाही करते. आज चुकीचे कार्ड सुधारावयास दोन मिनिटे लागतात. दोन वर्षे कानात बसलेला उच्चार मुलाच्या जिभेवरून काढावयास फार दिवस लागतात.