पाचव्या दिवसाची भूक

माशाचं पिल्लू जन्मतं तेच पोटाला शिदोरी बांधून. झेब्राफिशचं अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि पिल्लू काचेला नाहीतर तळाला चिकटून पडून राहतं. पाचव्या दिवशी त्याची हवेची पिशवी भरलेली असते. ते आडवं तरंगतं आणि शिकार शोधू लागतं. लांबी चार मिलिमीटरच्या आतबाहेर. पोटातला बलक आठवड्याभरात संपतो. तेवढ्या अवधीत तोंडात मावेल आणि डोळ्यांपुढे हलेल असं खाणं मिळालं तर ते जगतं. नाहीतर अकराव्या-बाराव्या दिवशी टाकीच्या तळाशी पांढरे धागे तेवढे उरतात.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मी तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मागे वळून पाहताना त्यातला बराच काळ या दोन-तीन दिवसांभोवतीच फिरत राहिलेला दिसतो.

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्या काळात मत्स्यशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या मुलांच्या पिशवीत प्लवंगजाळी हमखास असायची. कंधारचा जगत्तुंग सागर, विष्णुपुरीचा जलाशय, मांजरा धरण. पाणी दिसलं की आमची जाळी पडलीच. जाळीत आलेलं बाटलीत, बाटलीत फॉर्मालिन, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. रोटिफर, क्लॅडोसेरा, कोपेपोड असे रकाने आणि महिन्यावार तक्ते. ते काम वाया गेलं असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या तलावांत काय जगतं हे त्यामुळेच कळलं. पण माशांच्या पिल्लांचं जे पहिलं अन्न, ते आम्ही वर्षानुवर्षं मारून मोजत होतो. जिवंत ठेवून वाढवायचा विचार फार थोड्यांनी केला. मीही त्यांत नव्हतो.

मला तो विचार शिकवला मत्स्यबीज केंद्रांवरच्या माणसांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांची पैदास घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यजिऱ्यांसाठी पुराच्या नदीवर अवलंबून राहणं हळूहळू सुटत गेलं. पण जिरे मिळणं एक आणि जगणं दुसरं. कटला, रोहू, मृगळ यांच्या जिऱ्यांचा बलकही तीनेक दिवसांतच संपतो. म्हणून जिरे सोडायच्या पंधरा दिवस आधी संवर्धन तळ्यात शेण टाकायचं, पाण्याला रंग येऊ द्यायचा. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेलाचा थर देऊन पाणकिडे मारायचे. पन्नास लिटर पाणी जाळीतून गाळून नळीच्या तळाशी एक-दोन मिलिलिटर प्लवंग बसतो का पाहायचं. केंद्रावरच्या मजुरांनी रोटिफर हे नावही ऐकलेलं नसे, पण पाणी तयार झालं की नाही हे ते ओंजळीत धरून सांगत. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ती ओंजळ मोलाची होती.

जगालाही ही समज एकदम आली नाही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्याची ताजी पिल्लं माशांच्या पिल्लांना चालतात, हे अमेरिकेत सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये दाखवलं. जपानमध्ये ईलच्या तळ्यांत रोटिफर म्हणजे उपद्रव मानला जाई. १९६० मध्ये इतो यांनी त्यालाच पिल्लांचं खाद्य म्हणून पुढे आणलं. ज्या माशाचं वर्णन हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून केलं, तो झेब्राफिश ओरेगॉनमध्ये स्ट्रायसिंगर यांच्या १९८१च्या शोधनिबंधानंतर प्रयोगशाळेचा मासा म्हणून नावारूपाला आला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेवर आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयाच्या पुनर्निर्मितीवर काम होतं.

आमच्या वर्गात तो आला विच्छेदन थांबल्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद केलं आणि प्रयोगाच्या तासाला दाखवायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. शोभेच्या माशांच्या दुकानातून झेब्राफिशच्या जोड्या आणल्या. आईबापांनी अंडी खाऊ नयेत म्हणून टाकीच्या तळाशी गोट्या पसरल्या. सकाळी उजाडताच अंडी पडली. दुसऱ्या दिवशी पारदर्शक अंड्यात धडधडणारं हृदय पाहायला मुलं-मुली रांग लावून उभी राहिली. ती शांतता मी विसरलेलो नाही. पण पहिली सगळी पिल्लं अकराव्या दिवसापर्यंत गेली. मी त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक घातला होता. तो हलत नाही, आणि पाणी मात्र नासवतो.

मग कडब्याचे तुकडे उकळले, पाणी निवल्यावर त्यात तलावाच्या पाण्याचे थेंब सोडले. आठवड्याभरात बरणीत पॅरामेशियम वळवळू लागले. त्यांच्यावर पिल्लं जगली, आणि दहाव्या दिवसापासून आर्टेमियाची पिल्लं खाऊ लागली. लोडशेडिंगमध्ये हवेचा पंप बंद पडला तरी ही बरणी तग धरते, म्हणून आपल्या भागासाठी ती मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की किंचित खाऱ्या पाण्यात रोटिफर आणि पिल्लं पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत एकत्रच ठेवता येतात. पिल्लांना चोवीस तास शिकार समोर असते. रीत उत्तम आहे, पण अखंड वीज असेल तिथेच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. माणसांना प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा टाक्यांसाठी पाणी मागायची मला लाज वाटली. मोठे मासे दुकानदाराला परत दिले, एक बरणी तेवढी ठेवली. तीही टँकरच्या पाण्याने गेली. त्यातल्या क्लोरीनवर हायपोचा खडा टाकायचं त्या धावपळीत मी विसरलो. पावसाळ्यानंतर नांदेडच्या एका सहकाऱ्याने त्याच्याकडची पॅरामेशियमची बाटली एसटीने पाठवली. वर्षभरापूर्वी मीच त्याला माझ्या बरणीतलं पाणी दिलं होतं. ती आली नसती तर कडब्यापासून सगळं पुन्हा सुरू करावं लागलं असतं.

लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, शेततळ्यांत मासे सोडणारे शेतकरी वाढत आहेत. या सगळ्यांना पाचव्या दिवसाचं खाणं लागतं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे: यंदाच्या पावसाळ्यात प्लवंगजाळीत येईल त्यातलं अर्धं फॉर्मालिनमध्ये घाला, अर्धं जिवंत ठेवा. आणि बरणी लागली की तिच्यातली एक बाटली भरून शेजारच्या गावातल्या महाविद्यालयात ठेवायला द्या.