डिपॉझिटचा हिशेब मागायला भिऊ नका

हिंगोली शहरात चार वर्षे भाड्याने राहिलेले आमच्या ओळखीचे एक कुटुंब गेल्या उन्हाळ्यात खोली सोडून सेनगाव तालुक्यातील आपल्या गावी निघाले. रमाई आवास योजनेतले घरकुल उभे राहिले होते. दार तेवढे बाकी होते. दादा मोंढ्यात हमाली करीत, ताई शिवणकाम करीत. डिपॉझिटचे १०,००० रुपये परत आले की दार बसवायचे, असे दोघांनी ठरविले होते.

घरमालकांनी चावी घेतली आणि हातावर २,६०० रुपये ठेवले. रंगाचे ४,०००, भिंतीला पडलेल्या भोकांचे १,०००, नळाचे ६००, लाईट बिलाचे १,८०० असे कापून घेतले म्हणाले.

ताई जयभीम करून आमच्या ओट्यावर बसल्या. "भाऊ, खिळे दोनच हो. एक बाबासाहेबांच्या फोटोचा, एक कॅलेंडरचा." दादा खाली मान घालून म्हणाले, "करारपत्र नाही, पावती नाही. कशाच्या जोरावर भांडायचं?"

आपल्या बहुतेक भाडेकरूंची अडचण हीच आहे. आडनाव सांगताच "खोली दिली गेली" असे ऐकून चार दारे फिरल्यावर कुठे एक खोली मिळते. मग मालक नाराज होईल म्हणून आपण कागदाचे नावच काढीत नाही. पण कागद नाही म्हणजे हक्क नाही, ही समजूत चुकीची आहे. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याचे कलम ५५ प्रत्येक भाडेकरूने वाचून घ्यावे. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने पाळली नसेल, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत! शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घेतलेल्या पैशाची पावती देणेही त्याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. तंटा आला की आधी कागदावर उभी रेघ ओढतो. रंग चार वर्षांत उडणारच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की जागा घेतली तशी परत करावी, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. वेगळा करार नसेल तर भाडेकरूवर तिचा बोजा येत नाही. दोन खिळ्यांची भोकेही आम्ही त्यातच धरली. नळाचा वायसर झिजला होता. ती दुरुस्ती मालकाची. लाईट बिलाचे मात्र देणे होते. मीटर वेगळे होते, शेवटचे बिल मागून पाहिले तर ते ६४० रुपयांचे निघाले.

हिशेब संपला असे आम्हास वाटले, तोच ताई म्हणाल्या, "खिडकीची काच आमच्या पोराच्या चेंडूनं फुटली, ती लिहा." मालकांच्या यादीत ती नव्हतीच. काचेचे ३५० धरले. एकूण देणे ९९० आणि मालकांकडून येणे आणखी ६,४१० रुपये. तसा अर्ज दादांच्या सहीने स्पीड पोस्टाने पाठविला, पोचपावती घेतली, नक्कल जपून ठेवली.

मालक तापले. "कोर्टात जा," म्हणाले. आम्ही सांगितले, जाऊ. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला घरात तयार असू द्यावा. लोकअदालतीत समेट झाला तर त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते.

इतके सारे करावे लागलेच नाही. पंधरा दिवसांनी मालकांनी निरोप धाडला आणि ५,५०० रुपये पुढे केले. उरलेल्या ९१० रुपयांसाठी आम्ही अडून बसलो होतो. दादा म्हणाले, "राहू द्या भाऊ, मृग तोंडावर आला." आम्हास ते पटले नाही, पण पैसे त्यांचे होते. एक रुपयाचे महसूल तिकीट लावून पावती झाली, चावी दिल्याची तारीखही त्याच कागदावर लिहून घेतली.

दार पावसाआधी बसले. कडीकोयंडा तेवढा उसनवारीने आणला.