टेक्ससच्या काउंटीचे निवडून आलेले कारभारी

अमेरिकेतील टेक्सस राज्यात 254 काउंट्या आहेत. काउंटी हा जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक असला, तरी तिचे शेरीफ, काउंटी क्लार्क, करवसुली अधिकारी हे प्रमुख वरून नेमले जात नाहीत, तर मतदारच त्यांना चार वर्षांसाठी निवडतात. यादवी युद्धानंतर गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या काळात एकवटलेल्या सत्तेचा धसका घेतलेल्या घटनाकारांनी 1876 च्या राज्यघटनेत ती मुद्दाम अनेक हातांत वाटून दिली. अंदाजपत्रक, कराचा दर आणि रस्ते कमिशनर्स कोर्टाकडे असतात. काउंटी जज आणि चार विभागांतून आलेले चार कमिशनर मिळून ही संस्था बनते.

या रचनेत सर्वाधिक लक्ष वेधून घेते ते काउंटी क्लार्कचे दप्तर. खरेदीखत नोंदीला आले की त्यावर तारीख आणि वेळ पडते, त्याला क्रमांक मिळतो आणि देणार व घेणार अशा दोन्ही सूचींत नावे चढतात. मालकी खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार क्लार्कला नाही. तरीही एकदा नोंद झाल्यावर, आधीचा व्यवहार ठाऊक नव्हता, ही सबब पुढच्या खरेदीदाराला सांगता येत नाही. टेक्ससमध्ये जमीन एकाची आणि तिच्याखालचे तेल दुसऱ्याचे असू शकते, म्हणून विहीर खोदण्यापूर्वी तेल कंपन्यांची माणसे याच सूचींत एकेक नाव मागे नेत मालकीची साखळी जुळवतात. इतक्या साध्या नोंदवहीवर इतका मोठा व्यवहार विसंबून असावा, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

मात्र सत्तेबरोबर जबाबदारीही विखुरली. तुरुंग शेरीफ चालवतो आणि पैसा कमिशनर्स कोर्ट देते, पण कोर्टाला शेरीफला काढता येत नाही आणि शेरीफला कर लावता येत नाही. प्रतिनिधित्वाची गाठ तर न्यायालयाला सोडवावी लागली: मिडलंड काउंटीच्या एका विभागात 67,906 लोक आणि उरलेल्या तिन्हींत 852, 828 व 414 असताना प्रत्येकाचा कमिशनर एकच होता, आणि 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. त्याहून चिवट अडचण अधिकारांची आहे. 2020 च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत 64 माणसे होती, तर ह्यूस्टन ज्यात मोडते त्या हॅरिस काउंटीत 47 लाखांहून अधिक. तरी घटनेचा आराखडा दोघींना एकच. हॅरिसमध्ये कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या वस्त्यांत लाखो लोक राहतात, आणि विधिमंडळाने स्पष्टपणे न दिलेला अधिकार काउंटीला वापरता येत नसल्याने, घराशेजारी उभा राहणारा कारखाना त्या रहिवाशांनी निवडलेल्या कमिशनरला बहुधा रोखता येत नाही.